शिपिबोंचा काढा आणि वेलीचं रसायन

पेरूमध्ये उकायाली नदीच्या काठी राहणारे शिपिबो-कोनिबो लोक आयावास्का हा काढा पवित्र औषध मानतात. तो करणारा वैदू मीठ, डुकराचं मांस आणि शरीरसंबंध यांचं पथ्य पाळतो. आयावास्काचीच जून झालेली वेल तोडून दांडक्यानं तंतू सुटेपर्यंत ठेचायची, चाक्रूना झुडपाच्या पानांसह मोठ्या भांड्यात थर लावायचे आणि पाणी घालून कित्येक तास उकळायचं. मग गाळून पुन्हा आटवायचं. भांड्यावर मापाचो तंबाखूचा धूर फुंकतात, इकारो ही औषधी गाणी गातात. शेवटी उरतो दाट, तपकिरी, कडू रस.

चाक्रूनाच्या पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. पण नुसती पानं उकळून प्यायली, तर सहसा काहीच होत नाही. आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) डीएमटीचा फडशा पाडतं. वेलीतलं हार्मिन त्या विकराला काही तास रोखून धरतं, आणि तेवढ्या वेळात डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. हेच हार्मिन एकोणिसाव्या शतकात हरमल या झुडपाच्या बियांतून मिळालं होतं, आणि हरमल भारतातही उगवते.

हजारो वनस्पतींतून नेमकी ही जोडी सापडली कशी, याचं सगळ्यांना नवल वाटतं. मला वाटतं, उत्तर वेलीतच आहे. ॲमेझॉनमधले काही समाज नुसत्या वेलीचाही काढा पितात. तो नेहमीचा असेल, तर त्यात एकेक पान घालून परिणाम पाहणं ओघानंच आलं. आपण डीएमटीला मुख्य आणि वेलीला मदतनीस म्हणतो. शिपिबोंच्या लेखी मात्र वेलच गुरू.

विकर रोखण्याचा हा गुण जीवघेणाही ठरू शकतो. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या चालू असताना हा काढा घेतला, तर हेच विकर एरवी मोडतं ते सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन शरीरात धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

1986 मध्ये अमेरिकेत एका माणसाला या वेलीच्या एका वाणाचं पेटंट मिळालं. ॲमेझॉनमधल्या आदिवासी संघटनांच्या महासंघानं त्याला आव्हान दिलं आणि 1999 मध्ये ते रद्द झालं. पण त्यासाठी ग्राह्य धरले गेले संग्रहालयातले या वेलीचे वाळलेले नमुने. पिढ्यान्‌पिढ्यांचा पवित्र वापर नव्हे. 2001 मध्ये पेटंट पुन्हा बहाल झालं आणि 2003 मध्ये मुदत संपेपर्यंत टिकलं. पेरूनं 2008 मध्ये आयावास्काविषयीचं आदिवासींचं ज्ञान राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं.