अस्थिछेदनोत्तर आंशिक गुडघारोपण

अस्थिछेदनोत्तर आंशिक गुडघारोपण : गुडघ्याखालचे नडगीचे हाड कापून पायाचा बाक पूर्वी सुधारलेला असताना, त्याच गुडघ्याच्या झिजलेल्या कप्प्यापुरता कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया. बहुतेक वेळा हा कप्पा आतल्या बाजूचा असतो. बाहेरच्या कप्प्याची उदाहरणे विरळ आहेत.

आतला कप्पा झिजून पाय धनुष्यासारखा वाकला, की नडगीच्या वरच्या टोकाला छेद देऊन शरीराचा भार बाहेरच्या, शाबूत कप्प्याकडे वळवितात. जॅक्सन यांनी १९५८ मध्ये या उपायाची माहिती दिली. मात्र बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून फट मिटविण्याची पद्धत रूढ झाली ती मुख्यतः कॉव्हेंट्री यांच्या १९६५ मधील लेखामुळे. आतल्या बाजूने फट उघडून पट्टीने स्थिर करण्याची पद्धत आता अधिक वापरात आहे. दोन्हींत पाय नुसता सरळ न करता किंचित बाहेरच्या बाजूला झुकता ठेवण्याकडे कल असतो. पुढचा वाद या झुकावातूनच निघाला.

आंशिक रोपणामागचा, विशेषतः सरकत्या चकतीच्या ऑक्सफर्ड सांध्यामागचा, विचार असा : बाक हाडात नसून सांध्याच्या आत, झिजलेल्या कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाच्या) जागी असतो आणि अस्थिबंध (हाडांना जोडणारे चिवट पट्टे) मूळ लांबीचे राहिलेले असतात. गेलेली उंची भरून दिली, की पाय आजारापूर्वीच्या ठेवणीत परततो. अस्थिछेदनाने मात्र ती ठेवणच बदललेली असते. हाडात केलेल्या सुधारणेवर सांध्यातली सुधारणा चढली, की एकाच बाकाची दोनदा दुरुस्ती होते. पाय प्रमाणाबाहेर बाहेर झुकतो, भार बाहेरच्या कप्प्यावर पडतो आणि तो झिजू लागतो. शिवाय सांध्याची रेषा तिरकी होण्याचा संभव असतो.

रीस व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अहवालात अशा १८ गुडघ्यांचा समावेश होता. दहा वर्षांपर्यंत रोपण टिकण्याचे प्रमाण त्यांत सुमारे ६६ टक्के, तर पूर्वी अस्थिछेदन न झालेल्या गुडघ्यांत सुमारे ९६ टक्के आढळले. तेव्हापासून पूर्वीचे अस्थिछेदन झाले असल्यास ऑक्सफर्ड रोपण निषिद्ध मानण्याची प्रथा दृढ झाली. अलीकडच्या काही लहान रुग्णमालिकांतील परिणाम याहून समाधानकारक आहेत. त्यांत रुग्णांची निवड काटेकोर असल्याने दोन्हींची थेट तुलना करताना सावधगिरी हवी. १८ ही संख्याही मोठी म्हणता येणार नाही.

‘अस्थिछेदन फसले’ या एकाच शिक्क्याखाली दोन निराळ्या अवस्था येतात, ही खरी अडचण दिसते. सुधारणा अपुरी राहून किंवा कालांतराने बाक परत येऊन आतला कप्पा झिजला असेल, तर रोपणाने पाय सरळ होण्यास वाव उरतो. पाय आधीच बाहेर झुकलेला असूनही आतला कप्पा दुखत असेल, तर तो वाव नसतो. सरसकट निषेधापेक्षा हा भेद पाहणारे मत अधिक ग्राह्य वाटते. यासाठी उभ्या स्थितीत कंबरेपासून घोट्यापर्यंतचे एक्स-रे चित्र आवश्यक ठरते.

तांत्रिक अडचणींपैकी नडगीच्या वरच्या पृष्ठाचा पुढून मागे असणारा उतार महत्त्वाचा. पाचर काढल्यास तो कमी होण्याची, फट उघडल्यास वाढण्याची प्रवृत्ती असते. वाढलेल्या उतारावर बसविलेला भाग पुढच्या क्रूस-अस्थिबंधावर (नडगीला पुढे सरकू न देणाऱ्या, सांध्यातील तिरक्या अस्थिबंधावर) ताण आणतो. गुडघ्याची वाटी खाली ओढली गेलेली असू शकते. जुने स्क्रू व पट्टी आड येत असल्यास त्याच वेळी किंवा आधी स्वतंत्रपणे काढतात. जंतुसंसर्गाची शंका असल्यास दुसरा मार्ग बरा.

बाहेरचा कप्पा किंवा पुढचा क्रूस-अस्थिबंध निकामी असल्यास संपूर्ण गुडघारोपण करतात. अस्थिछेदनानंतरच्या संपूर्ण रोपणाचा अभ्यास बराच अधिक झाला आहे.