घरी मराठी बोललं की मुलं उशिरा बोलतात?

परदेशात राहणाऱ्या आईबाबांना हा सल्ला हमखास मिळतो: "घरात मराठी बंद करा, दोन भाषांनी मूल गोंधळतं, बोलायला उशीर होतो." काळजीपोटीच दिलेला सल्ला असतो, पण तो खरा नाही.

दोन भाषांत वाढणारी मुलंही पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास बोलतात आणि दोनच्या सुमारास दोन शब्द जोडतात. मग उशीर झाल्यासारखं का वाटतं? कारण आपण एकाच भाषेतले शब्द मोजतो. जर्मनीत किटामधल्या (पाळणाघरातल्या) ताई फक्त जर्मन शब्द ऐकतात, आजी व्हिडिओ कॉलवर फक्त मराठी. दोघींनाही मूल मागे वाटतं.

आठवडाभर फ्रिजवर एक कागद लावा आणि दोन्ही भाषांतले शब्द लिहा. 'पाणी' आणि 'वासर' (जर्मनमध्ये पाणी) दोन्ही लिहायचे. बेरीज बघितली की जीव भांड्यात पडतो.

भाषांची सरमिसळ हाही गोंधळ नव्हे. आमची लेक खिडकीशी ओरडली, "आई, श्ने पडतोय!" 'श्ने' म्हणजे बर्फ. शब्द जर्मन, पण क्रियापद आणि त्याचं रूप अस्सल मराठी. व्याकरण पक्कं असल्याशिवाय हे जमत नाही.

मात्र दोन वर्षांचं मूल दोन्हींपैकी एकाही भाषेत शब्द जोडत नसेल, किंवा हाकेला वळत नसेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि घरात कोणत्या भाषा बोलता तेही त्यांना सांगा. तोवर मराठी बोलत राहा.