गांजापेक्षा महाग पडणारं खोटं उत्तर

अमेरिकेत सरकारी गुपितं हाताळण्यासाठी जी परवानगी लागते, तिला सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणतात. ती नाकारण्याच्या कारणांत नशा आणि खोटेपणा ही दोन कारणं सत्तर वर्षांपासून शेजारी शेजारी आहेत. पण दोघांचा प्रवास सारखा झाला नाही. नशेबद्दलची दृष्टी बरीच बदलली, खोटेपणाबद्दलची जवळपास नाही.

सुरुवात २७ एप्रिल १९५३ ची. शीतयुद्ध ऐन भरात होतं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला. निष्ठेबरोबरच माणसाचं वागणंही तपासा, असं त्यात सांगितलं होतं. अमली पदार्थांचं व्यसन, दारूचा अतिरेक, अप्रामाणिक वर्तन, महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं, हे सगळं एकाच यादीत होतं. त्याच यादीतल्या ‘लैंगिक विकृती’ या शब्दांच्या आधाराने हजारो समलैंगिकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याला काही लपवायचं आहे त्याला शत्रू ब्लॅकमेल करू शकतो, हा युक्तिवाद. लपवायची वेळ सरकारच आणत होतं, हा त्यातला अन्याय मला फार मोठा वाटतो. पुढे १९९५ मध्ये क्लिंटन यांच्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशाने केवळ लैंगिक कलावरून परवानगी नाकारायला मनाई केली. ब्लॅकमेलचा तर्क मात्र टिकला, आणि दडवादडवीच्या नियमामागे तो आजही उभा आहे.

१९८८ चा ईगन खटला इथे महत्त्वाचा आहे. थॉमस ईगन हा वॉशिंग्टन राज्यात ट्रायडंट पाणबुड्यांच्या नौदल तळावरचा कामगार. त्याच्यावर जुने गुन्हे होते, दारूचाही त्रास होता, शिवाय नोकरीच्या अर्जात त्याने आधीच्या दोन शिक्षा सांगितल्याच नव्हत्या. परवानगी नाकारली गेली आणि नोकरी गेली. परवानगीवर कोणाचाही हक्क नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. शंका असेल तर निर्णय देशाच्या सुरक्षेच्या बाजूने, हे सूत्र तेव्हापासून पक्कं झालं.

आजचे निकष ८ जून २०१७ पासून लागू आहेत. एकूण तेरा. त्यांत ‘ई’ हा वैयक्तिक वर्तनाचा आणि ‘एच’ हा अमली पदार्थांचा. २००८ च्या कायद्याने सध्या बेकायदा नशा करणाऱ्याला परवानगी देण्यावर बंदी घातली. जुनी नशा मात्र किती जुनी, किती वेळा, कोणत्या परिस्थितीत, हे पाहून तोलली जाते.

खरी गुंतागुंत गांजाची. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधासाठी, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ मध्ये मौजेसाठीही तो खुला केला. पण परवानगी केंद्र सरकारची आणि केंद्राच्या कायद्यात तो बेकायदाच. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक ॲव्हरिल हेन्स यांनी कळवलं की पूर्वीचा गांजा विचारात घ्यावा, पण तेवढ्यावरून निर्णय होऊ नये.

खोट्या उत्तराला अशी सवलत मिळालेली नाही. परवानगीसाठी भरायच्या एसएफ-८६ या लांबलचक अर्जात गेल्या सात वर्षांतल्या नशेबद्दल विचारतात. त्या भागातली खरी उत्तरं फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरणार नाही, असं अर्जातच लिहिलेलं आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिकडे वाढलेली, अमेरिकी नागरिक असलेली आपली मराठी मुलंही संरक्षण क्षेत्रात नोकरीला लागली की हा अर्ज भरू शकतात. कॉलेजात कधीतरी ओढलेल्या गांजाबद्दल ‘कशाला लिहितोस, कोणाला कळतंय?’ असा सल्ला घरातून मिळाला, तर तो प्रेमापोटी असला तरी घातक आहे. शेजारीपाजारी, जुने मित्र, वरिष्ठ यांच्याकडे चौकशी होते. चूक झालीच असेल, तर तपास अधिकाऱ्याने पुराव्यासह समोर आणण्याआधी स्वतःहून ती दुरुस्त केल्यास निकष ‘ई’ मध्ये ती बाजू अर्जदाराच्या पारड्यात धरली जाते. त्यानंतर दिलेली कबुली तशी धरली जाईलच असं नाही.