बॅक फोकस की फोकस शिफ्ट? कॅननच्या ५० एफ/१.२ एलचं दुखणं नेमकं कुठलं

कॅननने ऑगस्ट २००६मध्ये ईएफ ५० मिमी एफ/१.२ एल ही लेन्स जाहीर केली तेव्हा पोर्ट्रेट आणि लग्नं करणाऱ्या फोटोग्राफरांना तिच्याकडून फार मोठ्या आशा होत्या. १९८९ची ५० मिमी एफ/१.० एल बंद झाली होती आणि १९९३ची एफ/१.४ चांगली असली तरी बांधणीने साधीच होती. लाल कड्याची, म्हणजे कॅननच्या महागड्या एल मालिकेतली फिफ्टी आली म्हणजे आता कुठलंही अपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) लावा, शार्पच येणार, असं लोकांनी धरलं. प्रत्यक्षात एफ/१.२ला जवळून घेतलेल्या चेहऱ्याची पापणी न् पापणी मोजता येई, आणि अपर्चर एफ/२ केलं की तीच पापणी मऊ पडे. धारदार कोण, तर कानशिलावरचे केस! अपर्चर बंद केल्यावर फोटो आणखी शार्प व्हायला हवा, इथे उलटंच.

बहुतेकांनी निदान केलं, ‘बॅक फोकस मारतेय’, म्हणजे फोकस हव्या त्या जागेच्या मागे पडतोय. बॉडी आणि लेन्स सर्व्हिस सेंटरला गेली, ‘मापात आहे’ असा शेरा घेऊन परत आली, आणि फोटो होते तसेच. सर्व्हिसवाल्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी बॅक फोकस तपासला आणि तो खरंच नव्हता. जे होतं त्याला फोकस शिफ्ट म्हणतात. दोन्हींत फोटो सारखाच दिसतो: डोळा मऊ, डोळ्यामागचं काहीतरी धारदार. कारणं मात्र पूर्ण वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर चांगली लेन्स हाताने बिघडवल्यासारखं होतं.

बॅक फोकस हा मोजमापाचा घोळ आहे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यात, फोकस सेन्सरवर ठरत नाही. मुख्य आरसा अर्धपारदर्शक असतो. त्यातून पार झालेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडून खाली, बॉडीच्या तळाशी बसवलेल्या एएफ (ऑटोफोकस) मॉड्यूलकडे जातो. लेन्सपासून त्या मॉड्यूलपर्यंतचं अंतर आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत एक असायला हवं. त्यात मिलिमीटरच्या अंशाचा फरक पडला, किंवा लेन्सच्या मोटरने सांगितल्यापेक्षा किंचित कमी-जास्त प्रवास केला, की फोकस सतत मागे नाहीतर सतत पुढे पडतो. ‘सतत’ हा शब्द इथे महत्त्वाचा. एफ/१.२ला मागे आणि एफ/२लाही तितकाच मागे. एफ/४, एफ/५.६ला डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागपर्यंत शार्प दिसणारा पट्टा) वाढते आणि चूक झाकली जाते, एवढंच. म्हणून बॅक फोकस वाइड ओपनला, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं असताना, सगळ्यात वाईट दिसतो आणि अपर्चर बंद करत जाल तसा सुधारत जातो.

फोकस शिफ्टचा बॉडीशी काही संबंध नाही. तो काचेत आहे. स्फेरिकल ॲबरेशन पूर्ण काढलेलं नसेल तर लेन्सच्या कडेकडून येणारे किरण लेन्सजवळ एकत्र येतात आणि मधल्या भागातून येणारे जरा लांब, सेन्सरच्या दिशेने पुढे. वाइड ओपनला दोन्ही प्रकारचे किरण आत असतात, त्यामुळे सर्वांत शार्प जागा त्यांच्या मधे कुठेतरी ठरते. एएफ असो वा हाताने केलेला फोकस, तो याच जागेवर बसतो, कारण डीएसएलआर फोकस घेते तेव्हा अपर्चर पूर्ण उघडं असतं. मग शटर दाबलं की अपर्चरच्या पात्या मिटतात, कडेचे किरण कापले जातात आणि उरलेल्या किरणांची शार्प जागा मागे सरकते. सेन्सर काही हलत नाही. म्हणजे सेन्सरवर आता धारदार उमटतं ते डोळ्याच्या मागच्या पातळीवरचं. फोकस घेतला एका अपर्चरला आणि फोटो निघाला दुसऱ्याला, ही सगळी मेख.

त्यामुळे फोकस शिफ्टची चाल वेगळी दिसते. वाइड ओपनला अचूक, एफ/२ ते एफ/२.८ला बिघडलेला, एफ/५.६च्या पुढे पुन्हा ठीक, कारण तोवर डेप्थ ऑफ फील्ड सरकलेली जागा पोटात घेते. त्यातही त्रास जवळून, हातभर अंतरावर. ५० मिमी फुल फ्रेमला ६० सेंमीवरून एफ/१.२ला साधारण साडेनऊ मिलिमीटर आणि एफ/२ला सोळा मिलिमीटर डेप्थ मिळते, म्हणजे एफ/२ला पुढे आठ, मागे आठ. एवढ्याशा पट्ट्यात काही मिलिमीटरची सरक लगेच डोळ्यांत भरते. तीन मीटरवरून एफ/१.२ला हीच डेप्थ पंचवीस सेंटिमीटर असते; तिथे फोकस शिफ्ट असून नसल्यासारखा.

हे दुखणं एकट्या कॅननचं नव्हे. लायकाची समिलक्स ३५ मिमी एफ/१.४ अस्फेरिकल १९९४पासून फिल्मवर कौतुकाने वापरली जात होती. २००६मध्ये डिजिटल एम८ आणि २००९मध्ये फुल फ्रेम (फिल्मएवढ्या सेन्सरची) एम९ आली, फोटो स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून पाहिला जाऊ लागला, आणि तोवर फिल्मच्या दाण्यात मुरलेली सरक उघडी पडली. लायकाने २०१०मध्ये मागच्या काचांचा गट वेगळा सरकणारी, म्हणजे फ्लोटिंग एलिमेंटची आवृत्ती काढली ती यासाठीच. झाइसच्या सी सोनार ५० मिमी एफ/१.५चं उदाहरण तर जास्त शिकवणारं आहे. तिचं डिझाइन १९३०च्या दशकातल्या सोनारच्या वळणाचं, आणि फोकस सरकतो हे झाइसने स्वतःच सांगितलं होतं. सुरुवातीच्या प्रती रेंजफाइंडरशी (कॅमेऱ्यातल्या अंतर मोजून हाताने फोकस करायच्या यंत्रणेशी) एफ/२.८ला जुळवलेल्या होत्या. त्या वाइड ओपनला पुढे मारत. एफ/१.५ला जुळवल्या तर एफ/२.८ला मागे मारणार. म्हणजे जुळवणी करून फोकस शिफ्ट जात नाही. कुठलं अपर्चर बरोबर हवं आणि कुठलं चुकलेलं चालेल, एवढीच निवड हातात येते.

मायक्रो ॲडजस्टमेंटबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याच्या मेनूत आकडा देऊन एएफ पुढे-मागे सरकवायच्या सोयीबद्दल, लोकांची फसगत इथेच होते. कॅननच्या १डी मार्क ३ मध्ये आणि निकॉनच्या डी३, डी३००मध्ये २००७ साली ही सोय आली, उणे २० ते अधिक २०. दोन्ही कंपन्यांत उणे म्हणजे फोकस कॅमेऱ्याकडे, अधिक म्हणजे लांब. बॅक फोकससाठी हे नेमकं औषध आहे: चूक सतत एकसारखी, तर दुरुस्तीही एकच आकडा. पण ५० एफ/१.२ एलला एफ/२ची चूक काढायला उणे ८ दिलं, की एफ/१.२चे सगळे फोटो फ्रंट फोकस होतील. ज्या अपर्चरसाठी एवढे पैसे मोजले तेच गेलं. एका लेन्सला एकच आकडा (५डी मार्क ३पासून झूमला वाइड आणि टेलीचे दोन) ठेवणाऱ्या त्या यादीत अपर्चरनुसार वेगळा आकडा ठेवायला जागाच नाही. सिग्माचा यूएसबी डॉक (लेन्स संगणकाला जोडायचं साधन) अंतरानुसार आकडे देतो, प्राइमला (झूम नसलेल्या लेन्सला) चार आणि झूमला सोळा, पण तेही अंतराचे, अपर्चरचे नव्हेत.

घरी तपासायचं कसं

दोन वेगळ्या तपासण्या करायच्या, आणि आधी फोकस शिफ्टची. ती आधी केली नाही तर एएफच्या तपासणीत काय मोजतोय ते कळत नाही.

खोक्यावर ठसठशीत छपाईचा कागद चिकटवा, सेन्सरला समांतर. वर्तमानपत्राचा मथळा उत्तम. शेजारी पुठ्ठा ४५ अंशांत कलता ठेवून त्यावर शिंप्याची टेप चिकटवा. टेपवरची एक ठळक खूण मथळ्याच्या पातळीत आणा. टेपवरचे १० मिलिमीटर म्हणजे खोलीत ७ मिलिमीटर. फोकस कधीही तिरप्या टेपवर घेऊ नका: एएफचा खरा भाग व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असतो आणि तो टेपवर कुठेही जाऊन बसतो. घरच्या घरी काढलेले ‘बॅक फोकसचे पुरावे’ बऱ्याचदा याच चुकीतून आलेले असतात.

कॅमेरा ट्रायपॉडवर, ६० सेंमीवर. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट सेन्सरवरचं चित्र), दहापट मोठं करून एफ/१.२ला मथळ्यावर फोकस. मग लेन्स एमएफवर (हाताच्या फोकसवर) टाका आणि रिंगला हात लावू नका. एफ/१.२, १.४, २, २.८, ४, ५.६ असे फोटो काढा. आता टेपवर शार्प पट्ट्याची पुढची कड पाहा, मधला भाग नव्हे. फोकस न सरकणाऱ्या लेन्समध्ये अपर्चर बंद होईल तसा पट्टा दोन्हीकडे वाढतो, पुढची कड कॅमेऱ्याकडे येत जाते. फोकस शिफ्टमध्ये ती कड एफ/२, एफ/२.८पर्यंत जागेवरच राहते किंवा चक्क मागे जाते. सगळी वाढ मागच्या बाजूला. कागदी आकड्यांपेक्षा ही एक खूण जास्त बोलते.

दुसरी तपासणी बॅक फोकसची. अंतर ५० मिमीसाठी अडीच मीटर, म्हणजे फोकल लेंग्थच्या पन्नासपट. खिडकीचा दिवसाचा उजेड घ्या. पिवळ्या बल्बखाली एएफचं मोजमाप बदलतं आणि तिथे काढलेला आकडा बाहेर चुकतो. वाइड ओपन, मधला एएफ पॉइंट, वन शॉट (एकदा फोकस घेऊन थांबणारा) मोड. दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा, अर्ध्या वेळा अनंताकडून आणि अर्ध्या वेळा जवळून. दहा फोटो झाले की लाइव्ह व्ह्यूने घेतलेल्या एका फोटोशी ताडून पाहा. दहाही एकाच बाजूला चुकले तर बॅक किंवा फ्रंट फोकस आहे. पाच-पाच पायऱ्यांनी आकडा द्या आणि जवळ आलात की एकेकाने. काही पुढे, काही मागे असे विखुरले तर आकड्याने काहीच होणार नाही. ती एएफची अस्थिरता आहे. व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याने निर्णय देऊ नका. साध्या फोकसिंग स्क्रीनवर एफ/२.८पेक्षा उथळ डेप्थ दिसतच नाही, त्यामुळे एफ/१.२ची चूक तिथे कळणार कशी?

आणखी एक तोतया आहे, फोकस घेऊन कॅमेरा फिरवण्याची सवय. ६० सेंमीवर मधल्या पॉइंटने डोळा पकडून कॅमेरा १५ अंश फिरवला की फोकसची पातळी डोळ्याच्या साधारण २० मिलिमीटर मागे जाते. एफ/१.२ची सगळी डेप्थ साडेनऊ. म्हणजे लेन्स निर्दोष, एएफ निर्दोष आणि फोटो तरी बॅक फोकस. जवळून काम करताना कडेचा पॉइंट निवडा.

मग करायचं काय

बॅक फोकस निघाला तर काम सोपं. आकडा द्या, वीसच्या पलीकडे जायला लागलं तर लेन्स आणि बॉडी दोन्ही एकत्र सर्व्हिसला द्या, एकटी लेन्स देऊन उपयोग नाही.

फोकस शिफ्ट निघाला तर दुरुस्तीवर पैसे घालवू नका, वापरायची पद्धत बदला. ५० एल जवळून एफ/१.२ किंवा १.४ला वापरा, नाहीतर सरळ एफ/५.६वर जा. मधली अपर्चर हवीच असतील, म्हणजे मेंदीचे हात किंवा दागिने एफ/२.८ला घ्यायचे असतील, तर लाइव्ह व्ह्यूत डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि मोठं करून हाताने फोकस करा. पात्या मिटलेल्या असतानाच फोकस घेतल्यामुळे सरकायला काही उरत नाही. तेवढा वेळ नसेल तर दोन पावलं मागे येऊन नंतर क्रॉप करणं हा उपाय दिसायला गावठी असला तरी पक्का आहे.

आणि या लेन्सला टाकाऊ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शिल्लक ठेवलेल्या त्याच स्फेरिकल ॲबरेशनमुळे तिची मागची धूसरता मऊ, कडा नसलेली येते. आठ काचा, ५८० ग्रॅम, त्यात फ्लोटिंग एलिमेंट नाही, एवढ्यात एफ/१.२ बसवायचं तर काहीतरी सोडावं लागणार होतं. २०१८च्या आरएफ ५० मिमी एफ/१.२ एलने ते सोडलं नाही, पण तिला पंधरा काचा लागल्या आणि वजन ९५० ग्रॅमवर गेलं.

मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, बॅक फोकसचं मूळ कारण जातं, कारण फोकस सेन्सरवरच ठरतो. ॲडॅप्टर लावून जुनी ५० एल वापरली तर ‘आता एकदम शार्प येते’ असं ऐकू येतं ते त्यामुळे. फोकस शिफ्ट मात्र काचेसोबत येतो. बॉडी उघड्या अपर्चरवर फोकस घेत असेल तर तो तसाच दिसेल. निकॉनच्या झेड बॉडींसारखी एफ/५.६पर्यंत लावलेल्या अपर्चरवरच फोकस घेत असेल तर दिसणार नाही.

सगळे मिररलेसकडे वळल्याने ही लेन्स आता सेकंडहँड बाजारात सहज मिळते, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातही. काउंटरवर ट्रायपॉड नसतो, पण बॉडी टेकवून ठेवता येते: समोर तिरपं बिलबुक, लाइव्ह व्ह्यूत एफ/१.२ला एका ओळीवर फोकस, एमएफ, मग एफ/२.२ला दुसरा फोटो. दुसऱ्यात मागची ओळ धारदार आली तर दचकू नका. तो या डिझाइनचा स्वभाव आहे आणि दुसरी प्रत मागितली तरी तेच दिसेल. तपासायचा खरा दोष वेगळा: दुकानाबाहेर येऊन समोरच्या इमारतीचा सरळ, एफ/४ला फोटो घ्या आणि डावी-उजवी कड ताडून पाहा. एकच कड मऊ असेल तर आतली काच केंद्रातून सरकली आहे. लेन्स पडलेली किंवा अर्धवट उघडून जोडलेली असण्याची शक्यता मोठी. ती प्रत घेऊ नका.