रंग आणि लोगोच्या आधी: तुमची वेबसाइट लोकांना वापरता यावी म्हणून आम्ही काय करतो

वेबसाइट करून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्या भेटीत आवडलेल्या दोन-चार साइट्स दाखवतात आणि म्हणतात, ‘अशी हवी.’ त्या आम्ही जरूर पाहतो, तुमची आवड त्यातून कळते. मात्र आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो. तुमच्या साइटवर येणारा माणूस काय करायला येतो?

कुणाला बिल भरायचं असतं, कुणाला भेटीची वेळ ठरवायची असते, कुणाला अर्ज कुठवर आला ते पाहायचं असतं, तर कुणाला फक्त फोन नंबर हवा असतो. संस्थेचा इतिहास वाचायला येणारे फार थोडे. तरीही कित्येक होमपेजवर सर्वांत मोठी जागा इतिहासाला आणि संचालकांच्या मनोगताला दिलेली असते, आणि फोन नंबर तळाशी बारीक अक्षरात असतो. तो वर आणायला तंत्रज्ञान लागत नाही. कोण कशासाठी येतं हे आधी ठरवावं लागतं.

‘वापरायला सोपी’ म्हणजे नेमकं काय

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात याची व्याख्या आहे. ते पहिल्यांदा १९९८ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम पार पाडता आलं का, त्यासाठी किती खटपट करावी लागली आणि करताना समाधान वाटलं का, या तीन गोष्टींवर हे मानक वापरसुलभता जोखतं. आम्हाला यातला ‘ठरावीक’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. डिझायनर मोठ्या स्क्रीनवर, वेगवान इंटरनेटवर आणि शांत खोलीत बसून साइट पाहतो. वापरणारा तीच साइट उन्हात उभा राहून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात जुना फोन धरून पाहत असतो. साइट एकच असली, तरी पहिल्यासाठी ती सोपी आणि दुसऱ्यासाठी अवघड असू शकते.

यूआय आणि यूएक्स यांतला फरकही अनेक जण विचारतात. यूआय (युझर इंटरफेस) म्हणजे स्क्रीनवर दिसणारी बटणं, रकाने, मांडणी. यूएक्सचा (युझर एक्स्पीरिअन्स, म्हणजे वापरण्याचा एकूण अनुभव) आवाका त्याहून मोठा आहे. डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले तेव्हा त्यांनी ‘युझर एक्स्पीरिअन्स आर्किटेक्ट’ असं पदनाम घेतलं, ते हाच मोठा आवाका सांगण्यासाठी. अर्ज भरल्यावर येणारा मेसेज, त्यातली भाषा, पैसे अडकल्यावर मिळणारं उत्तर, हे सगळं त्यात येतं. म्हणून आम्ही तुमचे ईमेल आणि एसएमएसचे मजकूरही मागून घेतो.

बैठकीतली मतं आणि प्रत्यक्ष वापर

बैठकीत प्रत्येकाचं मत असतं. बटण हिरवं की निळं यावर तासभर चर्चा होऊ शकते, आणि शेवटी खोलीत जो सर्वांत ज्येष्ठ असेल त्याचं चालतं. आम्ही हा वाद वापरणाऱ्यासमोर नेतो.

याला युझर टेस्टिंग म्हणतात. तुमच्या खऱ्या ग्राहकांसारखी एक व्यक्ती, तिच्या हातात तिचा नेहमीचा फोन आणि शेजारी आमचा एक माणूस, एवढीच तयारी लागते. तिला आम्ही एक काम देतो: ‘तुमच्या या महिन्याच्या बिलात चूक दिसते आहे. तुम्ही काय कराल?’ ‘तक्रार विभाग शोधा’ असं आम्ही कधीच म्हणत नाही, कारण मग ती ‘तक्रार’ हा शब्दच पडद्यावर शोधत बसेल आणि परीक्षा तिथेच फसेल. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, एवढी विनंती करतो.

मग आम्ही गप्प बसतो. बघणाऱ्याला हे सर्वांत जड जातं. अंगठा ‘सेवा’वर जातो, थांबतो, मागे येतो. ‘इथे असेल असं वाटलं होतं,’ ती म्हणते. ‘मदत’ उघडते, प्रश्नोत्तरांची लांबलचक यादी दिसते, ती वरखाली करते आणि म्हणते, ‘मी फोनच केला असता.’ तेवढ्या वाक्यात तुमच्या हेल्पलाइनवरच्या गर्दीचं एक कारण हाती लागतं. अशा वेळी शेजारून ‘वर उजवीकडे बघा’ म्हणायचा मोह होतो. आम्ही तो आवरतो, कारण घरी तिला सांगायला कुणी नसेल.

शक्य असेल तर या सत्रांना तुम्ही स्वतः येऊन बसावं असं आम्हाला मनापासून वाटतं. आमचा चाळीस पानी अहवाल जे पटवू शकत नाही, ते अशा एका दुपारी तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

एवढ्या थोड्या लोकांवर विश्वास कसा ठेवायचा

हा रास्त प्रश्न आहे, कारण एका फेरीत आम्ही पाचच जणांना बसवतो. जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. दुसरी व्यक्ती त्यातल्या काहींवर पुन्हा अडखळते आणि काही नव्या दाखवते. असं करत पाचव्या व्यक्तीपर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. हा आकडा सरासरीचा आहे, तो प्रत्येक साइटला लागू पडेलच असं नाही. तुमचे वापरणारे दोन वेगळ्या प्रकारचे असतील, समजा डॉक्टर आणि रुग्ण, तर दोघांची चाचणी वेगवेगळी घ्यावी लागते. शिवाय एकदाच पंधरा जणांना बसवण्यापेक्षा पाच जणांना बसवावं, दुरुस्ती करावी आणि मग नव्या पाच जणांना बसवावं, असं आमचं ठाम मत आहे. दुरुस्तीनेही नव्या अडचणी येतात, त्या दुसऱ्या फेरीत पकडल्या जातात.

अडचणी शोधायला थोडे लोक पुरतात. ‘किती टक्के लोक अर्ज पूर्ण करतात’ असा आकडा हवा असेल तर मात्र बरेच जास्त लोक लागतात, किंवा साइटवरची प्रत्यक्ष नोंद पाहावी लागते. या दोन्हींची गल्लत करून कुणी पाच जणांवरून टक्केवारी सांगितली, तर ती मानू नका. आम्ही सांगितली तरीही.

फॉर्म: बहुतेक माणसं इथेच गळतात

नोंदणी, अर्ज, पैसे भरणं, सगळं शेवटी फॉर्मपाशी येऊन थांबतं. म्हणून आमचा सर्वाधिक वेळ फॉर्मवर जातो.

एक नेहमी आढळणारा प्रकार पाहा. मोबाइल नंबरच्या रकान्यात कुणी पाच आकडे, मग मोकळी जागा, मग पाच आकडे असं लिहितं, कारण नंबर तसाच तोंडपाठ असतो. फॉर्म पाठवल्यावर पान पुन्हा वर जातं, लाल पट्टीत ‘अवैध माहिती’ एवढंच दिसतं आणि पासवर्डसकट निम्मे रकाने कोरे झालेले असतात. चूक कुठे झाली हे माणसाला कळत नाही. खरं तर ती मोकळी जागा काढून टाकणं संगणकाला सहज जमतं, तेवढी एक ओळ कोडमध्ये लिहायची राहून गेलेली असते.

आमच्या फॉर्ममध्ये रकान्याचं नाव रकान्याच्या वर असतं. आत फिकट अक्षरात लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच नाहीसं होतं, आणि मध्येच फोन वाजला तर परत आल्यावर कुठे काय भरत होतो ते आठवत नाही. नंबरच्या रकान्यावर बोट ठेवलं की आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. चूक दाखवणारी सूचना त्या रकान्याखालीच येते, काय चुकलं आणि काय लिहायचं हे साध्या मराठीत सांगते, आणि भरलेली माहिती जशीच्या तशी राहते.

मग प्रश्न येतो रकाने किती ठेवायचे याचा. प्रत्येक रकान्यासाठी आम्ही तुम्हाला विचारू: या माहितीचं तुम्ही पुढे काय करता? ‘असू द्या, लागली तर’ हे उत्तर आलं की तो रकाना काढण्याचा आग्रह आम्ही धरतो. यावरून आमचे ग्राहकांशी वाद होतात, आणि ते व्हावेत असंच आम्हाला वाटतं.

मेनू

संस्थेत जेवढे विभाग तेवढे मेनूतले शब्द, ही सर्रास आढळणारी मांडणी आहे. बाहेरच्या माणसाला तुमचे विभाग माहीत नसतात. म्हणून आम्ही साइटवरचे विषय चिठ्ठ्यांवर लिहितो आणि वापरणाऱ्यांना त्यांचे गट करायला सांगतो, गटांना नावंही त्यांनीच द्यायची. कार्ड सॉर्टिंग हे त्या पद्धतीचं नाव. त्यातून येणारी नावं अनेकदा साधी, जरा लांब आणि अगदी नेमकी असतात.

डोळे, बोटं आणि वेग

फिकट राखाडी अक्षरं सध्या फार दिसतात. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत, त्यांच्या दुसऱ्या पातळीनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या रंगसंकेताची राखाडी छटा या कसोटीला जेमतेम उतरते. ९९९९९९ ही छटा मात्र २.८५ वरच अडकते, आणि डिझायनरांची लाडकी तीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या नियमांच्या २.२ आवृत्तीत बोटाने दाबायच्या जागेलाही किमान माप सांगितलं आहे: काही अपवाद सोडता २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं मापाचं एकक). आम्ही मुख्य बटणं ४४ पर्यंत नेतो. साइट केवळ कीबोर्डने चालते का आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती नीट वाचतो का, हेही प्रत्येक पानावर तपासतो. अंध वापरकर्त्याला ‘इथे क्लिक करा’ असे सात दुवे एकामागून एक ऐकू आले, तर कुठला कशाचा हे त्याला कसं कळणार?

देवनागरी मजकुराबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. रोमन अक्षरांसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. आम्ही अंतर वाढवतो, अक्षर थोडं मोठं घेतो आणि जोडाक्षरं स्वस्तातल्या फोनवर कशी दिसतात ते पाहूनच फॉन्ट ठरवतो.

वेगाच्या मर्यादा जुन्या आहेत आणि अजून लागू आहेत. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. गूगलच्या सध्याच्या निकषांप्रमाणे पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा आणि क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, तोही चारपैकी किमान तीन भेटींमध्ये. पान उघडताना मजकूर खाली सरकू नये हाही त्यातलाच निकष. ‘पुढे जा’ दाबायला गेलेल्या बोटाखाली ऐनवेळी ‘रद्द करा’ आलं, तर तो दोष वापरणाऱ्याचा नाही.

काही कामं आम्ही घेत नाही

आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटी, सापडू नये अशा जागी ठेवलेलं ‘सदस्यत्व रद्द करा’, शेवटच्या पानावर उगवणारं जादा शुल्क, खोटी उलटी मोजणी. ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशाच प्रकारांना दिलं. अशाने महिन्याभराचे आकडे वाढतात, विश्वास जातो. कुणी कितीही गळ घातली तरी आम्ही हे करून देत नाही.

दुसरीकडे, सगळी साइट नव्याने करायची गरज नसेल तर तेही आम्ही स्पष्ट सांगतो. कित्येकदा फॉर्म आणि मेनू दुरुस्त करून भागतं, आणि जुन्या मांडणीची सवय झालेल्या लोकांना त्रासही होत नाही.

पहिल्या भेटीला येताना

तुमच्या फोनवर आणि काउंटरवर लोक कुठले प्रश्न वारंवार विचारतात, याची यादी आणा. ती फोन उचलणाऱ्या व्यक्तीकडून घ्या, आणि जमलं तर तिलाच सोबत आणा. साइटवर सध्या काही नोंदी होत असतील, म्हणजे कुठलं पान किती उघडलं जातं, शोधाच्या चौकटीत लोक काय टाइप करतात, तर त्या पाहण्याची परवानगी द्या. आणि चाचणीसाठी बोलावता येतील अशा काही ग्राहकांशी आधी बोलून ठेवा. ते तुमच्या कार्यालयातले किंवा घरातले नसावेत, कारण त्यांना साइट आधीच पाठ असते.

आवडत्या साइट्सची यादीही आणा. ती आपण दुसऱ्या भेटीत पाहू.