एक विनोद भीतीने गेला, एक लाजेने

"आता काय, विनोद करायचीसुद्धा सोय राहिली नाही." आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य महिन्यातून एकदा तरी पडतंच. कधी एखाद्या वाहिनीने माफी मागितली म्हणून, कधी कुणाचं जुनं स्किट यूट्यूबवरून उडालं म्हणून. खाली दोन पार्ट्या ठरलेल्या. एक म्हणते लोक फार हळवे झालेत, दुसरी म्हणते बरं झालं, शिस्त लागली. ज्वारी आणि खडे एकाच पोत्यात भरायचे आणि मग वजनावरून भांडायचं, असा हा प्रकार आहे.

ज्वारी कुठली आणि खडे कुठले, हे २०१६ सालच्या दोन प्रकरणांत छान दिसतं.

जानेवारी २०१६. कपिल शर्माच्या कार्यक्रमात 'पलक' करणारा किकू शारदा. आदल्याच महिन्यात टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्याने डेरा सच्चा सौदाचे प्रमुख गुरमीत राम रहीम यांची नक्कल केली. अनुयायांनी तक्रार केली, धार्मिक भावना दुखावल्याचं कलम २९५-अ लागलं, हरियाणा पोलिसांनी त्याला मुंबईहून उचलून कैथलला नेलं. तिथे चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी सुनावली गेली आणि मग जामीन मिळाला. किकूने ट्विटरवर माफी मागितली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी आपल्या 'पार्च्ड' चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी 'कॉमेडी नाइट्स बचाओ' या टीव्ही कार्यक्रमात गेली. तिथे तिच्या रंगावरून विनोद सुरू झाले. लहानपणी जांभळं फार खाल्लीस वाटतं, या वळणाचे. ती कार्यक्रम अर्धवट सोडून उठली. मग फेसबुकवर सविस्तर लिहिलं. आडनावावरून तू ब्राह्मण, मग सावळी कशी, असा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो आणि त्यात रंगाबरोबर जातही बसलेली असते, हा मुद्दा तिने मांडला. वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली.

धंदा तोच, वर्ष तेच, शेवटी माफीही तशीच. त्यामुळे लोक दोन्ही बातम्या एका दोऱ्यात ओवतात. माझं म्हणणं इतकंच आहे की पहिला विनोद भीतीने गेला आणि दुसरा लाजेने. दोन्ही वेळा टीव्हीवरून एक विनोद कमी झाला, पण या दोन गोष्टींचं एकमेकींशी काहीही नातं नाही.

किरकोळ फरक आधी उरकतो. रोस्ट आणि टर उडवणं: रोस्टमध्ये बसणाऱ्याला काय येणार हे ठाऊक असतं आणि त्यालाही उलट बोलता येतं, तनिष्ठाची तक्रारच ही होती की समोर चाललंय ते रोस्ट नाही, दादागिरी आहे. नक्कल आणि विडंबन: सोडून द्या, ते शाळेत झालंय. आणि कृपा करून टीव्हीबद्दल बोलताना "सेन्सॉरने कापलं" म्हणू नका. सेन्सॉर बोर्ड चित्रपटांसाठी. टीव्हीवरच्या स्किटला आधी कुणी प्रमाणपत्र देत नाही. १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याखालची कार्यक्रम संहिता आहे, वाहिन्यांनी २०११ साली स्वतःसाठी नेमलेली तक्रार परिषद आहे, आणि त्याआधी वाहिनीच्या आतला विभाग, काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवणारा, ज्याला सगळे 'एस अँड पी' (स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस) म्हणतात. कापणारा बहुतेक वेळा घरचाच असतो.

आता मुख्य गोष्ट. भीती आणि लाज ओळखायची कशी? माफीनाम्यावरून नाही. "कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नव्हता" हे वाक्य दोन्हीकडे जसंच्या तसं असतं. आवाज किती झाला यावरूनही नाही. माझी खूण साधी आहे: धुरळा बसल्यावर पुन्हा जाऊन बघा, विषय उरलाय का?

भीती विषयच उचलून नेते. स्किटच्या संहितेतली बुवा-बाबांवरची पानं गुपचूप बाजूला होतात, कुणीही न सांगता. त्या ठिकाणी दुसरा, धारदार विनोद येत नाही, तिथे पोकळी राहते किंवा सासू-सुनेचं स्किट येतं. राम रहीमवर लोक मोकळेपणाने कधी हसले? २५ ऑगस्ट २०१७ ला न्यायालयाने त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं, तेव्हा. मग सोशल मीडियावर विनोदांचा पूर आला. म्हणजे दीड वर्षापूर्वी विनोदात काही खोट नव्हती. त्या माणसामागे जमाव होता, एवढंच.

लाजेचं काम वेगळं चालतं. ती विषय जागच्या जागी ठेवते आणि निशाणा फिरवते.

विषय आणि निशाणा. सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबतो. मुलगी बघायला पाहुणे आलेत, हे आपलं जुनं, घासून गुळगुळीत झालेलं स्किट घ्या. सावळी मुलगी पोह्यांची बशी घेऊन येते आणि मुलाचा मामा म्हणतो, "लाइट गेली का हो तुमच्याकडे?" हशा. विषय रंग, निशाणा मुलगी. आता तेच घर, तेच पोहे. मुलगी आली की मुलाची आई पर्समधून रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड काढते, मुलीच्या मनगटाला लावून बघते आणि म्हणते, "आम्हाला मोतिया चालला असता, पण हा जरा सागवानीकडे जातोय." मागे तिचा मुलगा उभा, रंगाने डांबरासारखा, आणि तो मान डोलावतोय. विषय अजूनही रंगच. हसतोय मात्र आपण आईला, मुलाला, आणि 'गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष' छापणाऱ्या जाहिरातींना. पहिल्या विनोदाने शरमून जो लेखक दुसरा लिहितो त्याचं काही हिरावलं गेलं नाही. उलट त्याचं स्किट सुधारलं.

हे टीव्हीवर प्रत्यक्ष झालंय. १९७७ ची ब्रिटिश मालिका 'माइंड युवर लँग्वेज' आपल्याकडे अजून प्रेमाने बघतात: इंग्रजी शिकायला आलेले परदेशी, त्यात सरदारजी, पाकिस्तानी, सगळे आपापल्या ठोकळ्यात. लोकप्रिय असतानाच १९७९ मध्ये ती थांबवली गेली, कारण वाहिनीतल्या वरिष्ठांनाच ते ठोकळे खटकायला लागले होते. मग ब्रिटिश टीव्हीवर देशी उच्चारांवर हसणं बंद झालं का? छे. १९९८ साली बीबीसीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आलं, तेही भारतीय वंशाच्या कलाकारांचं. त्यातलं गाजलेलं स्किट असं: मुंबईतली टोळी पिऊन रात्री इंग्लिश खाणावळीत जाते, वेटरचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारते आणि म्हणते, तुमच्याकडची सगळ्यात अळणी डिश आणा. शुक्रवारी रात्री करी खायला जाऊन वेटरला छळणारा गोरा गिऱ्हाईक त्यात आरशासमोर उभा आहे. उच्चार तेच, जेवण तेच, तोंड फक्त दुसरीकडे वळलंय. "आता काहीच चालत नाही" म्हणणाऱ्या काकांना मी हे स्किट पाठवलं होतं. त्यांनी ते खूप जणांना फॉरवर्ड केलं. मुद्दा मात्र पोचला नाही.

पण निशाणा फिरवला की लेखक सुटला, असंही नाही. अमेरिकेत सीबीएसवर जानेवारी १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. आर्ची बंकर नावाचा वंशद्वेष्टा, तोंडाळ बाप हे तिचं मुख्य पात्र. निशाणा स्वच्छ होता: आर्ची. पहिल्या भागाआधी वाहिनीने पाटीही लावली होती की आम्ही पूर्वग्रहांवर हसवतोय, ते किती हास्यास्पद आहेत हे दाखवायला. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची जास्त आवडतो. तो त्यांना विनोदाचा बकरा वाटतच नाही, आपला माणूस वाटतो. मामाच्या "लाइट गेली का"वर हसणारा प्रेक्षक शेडकार्डवाल्या आईकडे बघूनही "बरोबर बोलतेय" म्हणू शकतो. म्हणून मला असल्या स्किटमध्ये त्या मुलीला शेवटी एक तरी वाक्य हवं असतं. ती गप्प राहिली की मला लेखकाचा संशय येतो.

आता खरी गंमत. भीती पुष्कळदा लाजेचे कपडे घालून येते. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, ब्रिटनमधल्या यूकेटीव्ही या वाहिनीने 'फॉल्टी टॉवर्स' या जुन्या विनोदी मालिकेचा १९७५ सालचा 'द जर्मन्स' हा भाग आपल्या स्ट्रीमिंगवरून काढला, कारण त्यात म्हातारा मेजर वंशद्वेषी शब्द वापरतो. मालिकेचा लेखक आणि नायक जॉन क्लीझ चिडला: अहो, टिंगल त्या मेजरची चाललीय! काही दिवसांत भाग परत आला, सुरुवातीला सूचना जोडून. इथे कुणी बसून विषय आणि निशाणा तपासलाच नव्हता. शब्द ऐकला, कात्री लावली. वाहिनीला शरम वाटली म्हणायची माझी तयारी नाही, ती घाबरली होती.

आणि तिसरा भाऊ म्हणजे आळस. 'सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू १९९० पासूनचा. एका गोऱ्या नटाने, हँक अझारियाने, काढलेला हिंदुस्थानी आवाज. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने त्यावर माहितीपट केला. 'हा आवाज शाळेत माझ्यामागे चिडवायला यायचा' ही एका पिढीची तक्रार त्यात होती. पुढच्या वर्षी मालिकेने उत्तर दिलं ते तिच्यातल्या लिसा या मुलीच्या तोंडून, खांदे उडवून: पूर्वी वाहवा मिळायची, आता चालत नाही, काय करणार? २०२० मध्ये अझारियाने तो आवाज सोडला आणि अपू जवळजवळ मुका झाला. कोंडाबोलूने त्याला हाकला असं म्हटलंच नव्हतं, त्याला नीट लिहा म्हटलं होतं. तीस वर्षांत ज्याला लग्न, आठ मुलं, दुकान सगळं दिलं, त्याला चार चांगले संवाद देता आले नसते? मला हे पुसून टाकणं भीतीइतकंच नावडतं.

आपल्या मराठीत हा प्रश्न साडीवर येऊन थांबतो. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भाऊ कदमपासून सागर कारंडेपर्यंत सगळ्यांनी साड्या नेसल्या. त्यावर टीका झाली की लगेच कुणीतरी बालगंधर्वांना मध्ये आणतो. हे माझं खास दुखणं आहे. बालगंधर्व स्टेजवर आले की प्रेक्षकांनी पुरुष विसरावा हीच कला होती. घरंदाज बायका त्यांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल करायच्या. टीव्हीवरच्या साडीत पुरुष विसरू द्यायचाच नसतो, गंमत तिथेच असते. परंपरा सांगायची तर तमाशातल्या गौळणीतली मावशी सांगा, ती तरी जवळची आहे. आणि मावशीची गंमत साडीत नसून तिच्या जिभेत असते, कृष्णाला अडवून प्रश्न विचारणाऱ्या. साडीतली बाई जेव्हा स्वतःचं डोकं असलेली, कजाग, हिशेबी बाई असते तेव्हा मी पोट धरून हसतो. "अरे हा तर बाप्या!" आणि मग किळस आल्याचा चेहरा, एवढंच असेल तर निशाणा त्या नटावर नाहीच, तो रस्त्यावरच्या तृतीयपंथी व्यक्तीवर आहे. तिला ती किळस रोज बघावी लागते, हशाशिवाय.

"पण तो स्वतःवरच विनोद करतोय ना" ही सबबही अर्धीच खरी. 'हास्यजत्रे'तून गाजलेला गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव छाती काढून घेतो तेव्हा तो आपल्या वस्तीला मिरवतो. त्याच नटाला दुसऱ्याने लिहून दिलेल्या ओळीत गरिबीवरून टोमणे खायला लावले, तर तोंड त्याचं असलं तरी विनोद त्याचा नाही.

या सगळ्यात सर्वोच्च न्यायालय कुठून आलं, असं वाटेल. पण माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात स्वच्छ वाक्य तिथलंच आहे. ८ जुलै २०२४, अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांची याचिका, 'आँख मिचोली' चित्रपटातल्या अपंगांच्या चित्रणाविरुद्ध. न्यायालयाने चित्रपटावर बंदी घातली नाही. दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि एक रेघ ओढली: अपंगत्वाविषयीचा विनोद वेगळा, माणसाला आणखी अपंग करणारा विनोद वेगळा. पहिल्याने समज वाढते, दुसऱ्याने माणूस खाली ढकलला जातो. म्हणजे पुन्हा तेच, विषय आणि निशाणा. आपल्या बहिऱ्या आजोबांचं स्किट आठवा. "पाणी द्या" म्हटलं की ते "राणी कुठाय" विचारतात, यावर मी दहाव्या वर्षी हसलो, पुरे झालं. पण ज्यांना बँकेच्या पासबुकाविषयी कुजबुजलेलं तिसऱ्या खोलीतून ऐकू येतं आणि "बाबा, जमीन विकूया" हे कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, ते आजोबा मला रोज चालतील. त्या घरात सगळ्यांची फजिती करणारे तेच आहेत.

परवा ग्रुपवर पुन्हा तेच वाक्य आलं. मी एवढंच विचारलं, "काका, पोलीस आले होते की पाहुणा उठून गेला?" काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि पाठोपाठ नवरा-बायकोवरचा एक विनोद. गेल्या दिवाळीतलाच.