जुन्या नकाशांतल्या दफनभूमी: सोनापूर ते पोटखराब

पणजोबांची कबर शोधणारं ख्रिस्ती किंवा बेने इस्रायली कुटुंब, गावच्या स्मशानाच्या जागेसाठी तहसील कार्यालयात खेटे घालणारा कार्यकर्ता आणि कंपनी सरकारच्या पलटणींचा इतिहास धुंडाळणारा अभ्यासक या सगळ्यांना कधी ना कधी जुना नकाशा उलगडावाच लागतो. तो हाती आला की अर्धं काम झालं, असं वाटतं. पण आपल्याकडचे बहुतेक जुने नकाशे दफनभूमी दाखवायला काढलेलेच नाहीत. कुणी सारा ठरवायला काढले, कुणी किल्ल्याच्या बंदोबस्तासाठी, कुणी छावणीच्या सोयीसाठी. दफनभूमी त्यात आली ती ओघाने. त्यामुळे नकाशा वाचण्याआधी तो कुणी आणि कशासाठी काढला, हे विचारावं लागतं.

मुंबईचंच घ्या. इंग्रजांची इथली पहिली दफनभूमी किल्ल्याच्या दक्षिणेला, मेंढॅम्स पॉइंटवर होती. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर 1673 मध्ये मुंबईत आला. तिथे पहिल्यांदा पुरलेल्या माणसाचं नाव त्या टोकाला पडलं आणि बंदरात शिरताना तिथल्या कबरी नजरेत भरतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे किल्ल्याभोवतीचं मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं करायचं ठरलं, तेव्हा कबरींनाही सवलत मिळाली नाही. 1760 च्या दशकात ही दफनभूमी उठली आणि नवी जागा मिळाली सोनापूरला, आजच्या मरीन लाइन्सजवळ, बॅक बेच्या वाळूलगत. आज मेंढॅम्स पॉइंटची एकही खूण जमिनीवर नाही. तो शोधायचा तर जुना नकाशा आणि फ्रायरसारख्यांचं वर्णन ताडून पाहणं एवढाच मार्ग उरतो.

सोनापूरचा मामला जास्त गुंतागुंतीचा. युरोपियनांची दफनभूमी, मुसलमानांचं कब्रस्तान, हिंदूंचं स्मशान हे सगळं एकाच पट्ट्यात. फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर जाकमाँ डिसेंबर 1832 मध्ये मुंबईत वारला, तो इथेच पुरला गेला. त्याचे अवशेष नंतर पॅरिसला नेण्यात आले. म्हणजे नोंदीत कबर मुंबईची आणि प्रत्यक्षात माणूस पॅरिसच्या संग्रहालयात. शोध घेणाऱ्याला असे चकवे नेहमीचेच.

या भागासाठी दोन सर्वेक्षणं हाताशी हवीत. पहिलं कॅप्टन डिकिन्सनचं, 1811 ते 1827 दरम्यानचं. दुसरं लॉटनचं, 1865 ते 1872. पहिलं महसुलासाठी होतं. त्याला कोणती जमीन कुणाकडे आणि तिच्यावर काय बसतं, यात रस. लॉटनच्या मोजणीत दाट वस्तीतली गल्ली न् गल्ली, घर न् घर उतरलं. मुंबई शहरातल्या मिळकतींना आज जो सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर असतो, तो मात्र यानंतरच्या, विसाव्या शतकातल्या मोजणीचा. त्यामुळे जुन्या शीटवरची जागा आजच्या मिळकत पत्रिकेशी जोडायची, तर मधला हा दुवा गाठावाच लागतो. क्रमांक बदलतात, हद्दीच्या भिंती मात्र बऱ्याचदा तशाच राहतात. म्हणून आधी भिंत जुळवावी, मग क्रमांक.

या दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात शहर फुगलं. कापसाच्या तेजीत 1864 च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या 8,16,562 भरली. तेजी ओसरल्यावर 1872 मध्ये ती 6,44,405 वर आली. सोनापूरला कबरींवर कबरी चढत होत्या आणि भरवस्तीतली दफनं रोगराईला कारण, हा युरोपात रुजलेला विचार इथेही बोलला जात होता. लंडनने 1850 च्या दशकात शहराच्या पोटातल्या दफनभूमी बंद करायला घेतल्याच होत्या. महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीची जागा निवडली. ती होती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग. तिचा वारसा भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे गेला आणि शिवडीत ख्रिस्ती दफनभूमी आली. म्हणजे 1850 च्या नकाशावर शिवडीची दफनभूमी शोधणाऱ्याला तिथे झाडं-झुडपं दिसणार. व्हिक्टोरिया टर्मिनसचा वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचा जॉर्ज विटेट हे दोघेही शिवडीतच पुरलेले आहेत.

मुंबईत आणखी एक अडचण म्हणजे समुद्रच मागे हटला. डिकिन्सनच्या काळात सोनापूरपुढे लाट येत होती. मग बीबीसीआय (आजची पश्चिम) रेल्वे आली, क्वीन्स रोड आला, विसाव्या शतकात भराव घालून मरीन ड्राइव्ह झाला. त्यामुळे क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना किनारा धरून जुळवणी केली, तर सगळंच सरकतं. देऊळ, जुनी विहीर, चर्च, न बदललेला चौक असे पक्के बिंदू घ्यावेत, तेही नकाशाच्या चारी कोपऱ्यांकडचे. कागद जुना असला की आकसतो, ताणतो. एका बाजूला तंतोतंत जुळलेला नकाशा दुसऱ्या बाजूला पाच-दहा फूट हलतो.

मुंबईबाहेर नकाशांची घराणीच वेगळी. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी महसुली पाहणी सुरू केली, तिच्या पद्धतीवर पुढे मुंबई इलाख्यातले गाव नकाशे उभे राहिले. माप शंकू साखळीचं: साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, आणि साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. टिपणावर, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदीच्या कागदावर, हे आणे लिहिलेले असतात. कुणी ते फूट समजून वाचले की स्मशानाची जागा शेजारच्याच्या बांधात जाते आणि मग वाद पेटतो.

या कागदांत दफनभूमी लपते कुठे? बऱ्याचदा पोटखराब्यात. लागवडीला अयोग्य म्हणून जी जमीन आकारातून (साऱ्यातून) वगळतात, त्यात दोन वर्ग. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, ओढ्याकाठची, शेतघराखालची वगैरे. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक कामाची: रस्ता, पाणवठा, दफन किंवा दहनाची जागा. सातबारावर दिसतो फक्त आकडा, समजा सहा गुंठे. ते सहा गुंठे रस्ता आहेत की कुणाचं तरी दफनाचं ठिकाण, हे कळायला मूळ मोजणीचं टिपण काढावं लागतं. तिथे एखाद्या कोपऱ्यात ‘कबरी’ किंवा ‘मसणवटा’ असं बारीक मोडीत लिहिलेलं सापडतं. मला विचाराल तर या कामात इंग्रजीपेक्षा मोडी येणं जास्त उपयोगाचं. भूमी अभिलेख विभागाने जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन ठेवायला घेतले आहेत. पण सगळी टिपणं त्यात मिळतील या भरवशावर राहू नये, तालुक्याचं उपअधीक्षक कार्यालय गाठावं.

लष्करी छावण्यांचे नकाशे त्या मानाने उदार. बाजार, दारूगोळा, चर्च, दफनभूमी सगळं नीट दाखवलेलं. पण छावणी हलली की नकाशाही जुना पडतो. घोडनदीच्या शिरूरला कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये वारला. तिथली छावणी गेली, त्याची कबर राहिली आणि गावकरी त्याला सत्पुरुष मानून नैवेद्य दाखवू लागले, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. नकाशावर ती ‘टूम’ (Tomb), म्हणजे थडगं. गावाच्या लेखी ते देवस्थान. नुसत्या चिन्हावरून यातलं काही समजलं नसतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर (स्थलदर्शक नकाशावर) तर देऊळ, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, थडगं आणि कबरी यांची चिन्हं सूचीत एकाच ओळीत असतात, आणि मैलाला एक इंच अशा प्रमाणात अर्ध्या एकराची दफनभूमी म्हणजे एक ठिपका.

खडकीचं युद्ध दफनस्थान याच्या अगदी उलट. ते मृतांसाठीच आखलेलं: भाग, ओळ, कबर असा प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. दुसऱ्या महायुद्धातले 1,668 जण तिथे आहेत, त्यातले बरेच पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या दफनभूमींतून हलवून आणलेले. शिवाय पहिल्या महायुद्धातल्या 1,800 हून अधिक जणांची नुसती नावं तिथल्या स्मारकावर आहेत. ते पुरले गेले दुसरीकडेच. नाव खडकीत सापडलं म्हणून कबर तिथेच, असं धरून चालू नये. मूळ जागेसाठी पुन्हा त्या त्या छावणीचा नकाशा आणि चर्चची दफन नोंदवही लागते. मुंबई इलाख्याच्या अशा नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/3’ या मालिकेत आहेत.

मुंबई-वसईकडच्या चर्चच्या दफनभूमींत कबर कायमची नसते. काही वर्षांनी ती उघडून अस्थी कोनाड्यात किंवा सामाईक विहिरीत ठेवतात आणि जागा पुढच्याला देतात. तेव्हा आतल्या आराखड्यावर क्रमांकासमोर जे नाव आहे, ते आराखड्याच्या तारखेपुरतंच खरं. तारीख नसलेला आराखडा असेल, तर त्यावरच्या शेवटच्या दफनाचं साल वहीत शोधून त्याचा काळ ठरवता येतो.

आणि काही दफनभूमी कुठल्याच कागदावर आल्या नाहीत. नदीकाठी पुरलेली तान्ही मुलं, भटक्या जमातींनी मुक्कामाच्या माळावर दिलेली माती, गावकुसाबाहेरच्यांची जागा. लिंगायतांची किंवा गोसाव्यांची दफनाची जागा एखाद्या मठाच्या इनामात मोडते आणि मसणवटा म्हणून वेगळी दिसत नाही. इथे नकाशावरची कोरी जागा हा पुरावा धरता येत नाही. सर्व्हे नंबर, चतुःसीमा आणि वयस्कर माणसांनी दाखवलेली ठिकाणं यांचा पंचनामा करून ठेवणं एवढंच हाती असतं, आणि ते गायरानावर कुणाची नजर पडण्याआधी केलेलं बरं.